दारात आडवा पाट

गेल्या भाद्रपदातला गौरीपूजनाचा दिवस, दुपारी दोनचा सुमार. गेलेली वस्तू: मोहनमाळ एक, वजन तीन तोळे, त्या दिवसाच्या भावाने साडेतीन लाखांच्या आसपास. चोरी लक्षात आली तेव्हा हजर असलेली माणसं अशी: आमच्या समोरच्या वहिनी, ज्यांची ती माळ, सोसायटीचे सेक्रेटरी, कमिटीतले आणखी दोघे, मी, आणि दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर टोपली घेऊन बसलेली भाजीवाली. दोन्ही गौरीही हजर होत्या, पण त्यांची साक्ष कोणी धरत नाही.

आमची इमारत पनवेलच्या जुन्या गावाला लागून आहे. चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, वहिनी आमच्या समोर. मी कळंबोलीला एका गोदामात हिशेब बघते आणि वर्षअखेरीला सोसायटीचे हिशेबही तपासून देते, फुकट. त्यामुळे चोर येऊ नयेत म्हणून आम्ही किती खर्च केला ते मला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराची जाळी कापून कोणीतरी आत शिरलं. घरची माणसं गावी गेली होती आणि दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग साचला होता. तो ढीग आम्ही पंधराच्या पंधरा घरांनी जाता-येता पाहिला होता, उचलला कोणीच नव्हता. त्यावर कमिटीने उपाय काढला तो असा: फाटक दोन फूट उंच करणे, वॉचमनला केबिन, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही, चार कॅमेरे. एकूण एक लाख सदुसष्ट हजार. वर्तमानपत्रं कोणी उचलायची, यावर चर्चा झाली नाही.

आणि ती वही! मी एकदा चाळून पाहिली. भंगारवाला, गॅसवाला, धुणीभांडीवाल्या, भाजीवाली. बाकी कोणी नाही. गाडीतून उतरणाऱ्याला वॉचमन सलाम करतो, सही मागत नाही. मागितली तर त्यालाच बोलणी बसतात, हे त्याला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

आता गौरींचं सांगते. देव घरात बसलेले असताना घराला कुलूप लावायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. देव आत आणि कुलूप बाहेर, हे शोभत नाही. कोणीतरी एकाने घरात राहायचंच. माझ्या सासरी पूर्वी नऊ माणसं होती, तेव्हा एकाने मागे राहणं काहीच अवघड नव्हतं. वहिनींच्या घरी आता दोघंच राहतात. मुलगा बंगळूरला असतो. घरं नऊ माणसांची दोन माणसांची झाली, पण रीत नऊ माणसांचीच राहिली.

वहिनींच्या गौरी उभ्या असतात. पितळी मुखवटे, जरीच्या साड्या आणि अंगावर सगळं खरं सोनं. खोटं घालायचं नाही, असं त्यांच्या सासूबाई सांगून गेल्या आहेत. मोहनमाळ सासूबाईंचीच, थोरल्या गौरीच्या गळ्यातली. सकाळी आरास झाल्यावर वहिनींनी फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या माहेरवाशिणी, सासूबाईंच्या मोहनमाळेसह.’ मीही बघितला, खाली बदाम टाकला. खाली पार्किंगमध्ये सोसायटीचा गणपती बसतो. तिथे सेक्रेटरी नवा झब्बा घालून सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते आणि आल्या-गेल्याला सांगत होते, तिसऱ्या मजल्यावरच्या गौरी बघितल्याशिवाय जायचं नाही.

साडेअकराला भाजीवाली आली. डोंगराखालच्या कातकरी वाडीतली ही बाई अकरा वर्षं आमच्याकडे येते. तिला शेत नाही. पावसाळ्यात रानभाजी, एरवी वीटभट्टी नाहीतर बांधकामावर. गौरीच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, त्यातल्या निम्म्या बाजारात धड मिळत नाहीत. करटोली, भारंगी, कुर्डू, तेरड्याची फुलं, केळीची पानं तीच आणते. जीभ तिखट. मी भाव करायला लागले की म्हणते, “बाय, तू पैशे मोजते का गौरीचा घास मोजते?” आदल्या दिवशीच्या आणि त्या दिवशीच्या मिळून तिला माझ्याकडून एकशे ऐंशी रुपये यायचे होते. मी सुटे शोधत होते, तेवढ्यात समोरून वहिनींची हाक आली.

त्यांचे यजमान देवासमोरच बसकण मारून बसले होते, घामाने चिंब. नैवेद्य झाल्याशिवाय खायचं नाही म्हणून सकाळपासून उपाशी, आणि साखरेची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. माझ्या नवऱ्याने आणि मी त्यांना धरून जिना उतरवायला घेतला. आमच्या गाडीतून कामोठ्याच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. वहिनींना पायातली चप्पलही सापडेना, म्हणून मलाही जाणं भाग होतं.

“ताई, कुलूप नको हं,” त्या जिन्यातून म्हणाल्या, “गौरी बसल्यात.”

दाराचं लॅच आपोआप लागतं. ते लागू नये म्हणून त्या धावत वर गेल्या आणि देवासमोरचा पाट आणून दारात आडवा लावला. नवरा दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा आणि बायको दारात पाट लावते आहे. मी त्यांना हसत नाही. मीही तेच केलं असतं.

मी भाजीवालीला म्हटलं, “जरा बस इथे. आम्ही आलोच. घराकडे लक्ष ठेव.”

“बसते की. माजे एकशेंशी हायत तुज्याकडं, जानार कुटं?”

तिकडे सलाईन लावलं, साखर चढली, डॉक्टर म्हणाले संध्याकाळपर्यंत राहू दे. माझा नवरा त्यांच्याजवळ थांबला. नैवेद्य खोळंबलाय म्हणून वहिनी आणि मी रिक्षाने परत आलो. भाजीवाली पायरीवरच होती, आळूच्या जुड्या नव्याने बांधत बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, “पावनी येऊन गेली बाय. पेढं ठेवल्यात आत.”

आम्ही दोघींनीही ते ऐकून सोडून दिलं. गौरीच्या दिवशी पाहुणे येतातच.

वहिनी आत गेल्या. मग असा आवाज आला की मला वाटलं समई पडून पडदा पेटला. थोरल्या गौरीचा गळा मोकळा होता. साडीची घडी मोडली नव्हती, नथ होती, पाटल्या होत्या. मोहनमाळ तेवढी नव्हती. शेजारी पेढ्यांचा पुडा होता आणि ताम्हनात अकरा रुपये.

आवाजाने सेक्रेटरी आणि कमिटीतले दोघे वर आले. सेक्रेटरींचा पहिला प्रश्न, पायरीकडे बोट करून: “ही कोण? ही इथे काय करते?”

अकरा वर्षं जिच्याकडून या माणसाच्या घरी आळू जातो, तिच्याबद्दल विचारतो, ही कोण.

मी सांगितलं की मीच बसवलं होतं. ते मला म्हणाले, “तुम्ही बसवलंत?” आणि मान हलवली, जशी लहान मुलाने काही सांडल्यावर हलवतात. मग तिच्याकडे वळले.

“टोपलीत काय आहे?”

“भाजी हाय. दुसरं काय असनार? तुमाला पायजे का?”

“जास्त बोलू नकोस.” आणि एका हाताने त्यांनी टोपली पालथी केली. आळू, भारंगी, उरलेला तेरडा पायऱ्यांवर पसरला. करटोली गोल असतात; ती टपटप करत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. खालचे लोक दार उघडून बघायला लागले. कमिटीतल्या एकाने बुटाने जुड्या उलगडून पाहिल्या.

टोपलीत काही निघालं नाही. तेव्हा दुसरा म्हणाला, “पदर झाड.”

तिने झाडला. सगळ्यांसमोर, जिन्यात उभं राहून. तंबाखूची डबी पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. मग तिने दोन्ही हात डोक्याकडे नेले आणि सेक्रेटरींकडे बघून म्हणाली, “आता अंबाडा पन सोडू? तितं बसंल तुमची मोहनमाल.”

मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी त्या जिन्यात कधी बोलले नव्हते. “चोरी करून कोणी दोन तास दारात बसून राहतं का?”

“ताई, तुम्ही भोळ्या आहात,” सेक्रेटरी म्हणाले. “हे लोक माल साथीदाराला देतात आणि स्वतः बसून राहतात. म्हणजे संशय येत नाही.”

पळाली असती तर चोर; बसली म्हणून अट्टल चोर.

पोलीस आले. त्यातल्या एकाने योग्य तोच प्रश्न विचारला, आणखी कोण आलं होतं? तिने सांगितलं: एक बाई, जरीची साडी, नाकात नथ, बरोबर झब्बा घातलेला बाप्या, हातात पेढे. सेक्रेटरी मधेच म्हणाले, “बनवते आहे साहेब. मी सकाळपासून खालीच आहे. असं कोणी संशयास्पद आलेलं नाही.” कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं तेव्हा त्यांनी तिचं फाटकातून आत येतानाचं आणि पोलिसांबरोबर बाहेर जातानाचं तेवढं काढून दिलं. चौकीत तिला संध्याकाळपर्यंत बसवलं आणि काही सापडलं नाही म्हणून सोडलं.

इथवर मी समजू शकते. वस्तू मोठी होती, माणसं घाबरली होती. पुढचं मात्र थंड डोक्याने झालं. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: ‘फेरीवाले, भाजीवाले, भंगारवाले यांना सक्त मनाई.’ आणि जिन्यात पदर झाडताना कोणीतरी काढलेला तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला: ‘या बाईपासून सावध राहा. पुढे पाठवा.’ लोकांनी पाठवला. तिसऱ्या दिवशी रोडपालीहून माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. तोच फोटो, आणि खाली, ‘तुमच्याकडे येते का गं ही? जपून राहा.’

आमच्या गल्लीत पाच इमारती आहेत. ती पाचही इमारतींत फिरायची. पावसाळ्याचे चार महिने तिचं घर त्या पाच जिन्यांवर चालत होतं. पाचही बंद झाले. माळ वहिनींची गेली होती. हिचं नाव गेलं होतं, आणि नावावरच तिचा धंदा होता. ना दुकान, ना पाटी. ते परत मिळवून देणं माझ्याकडे लागत होतं, कारण तिला त्या पायरीवर मी बसवलं होतं.

मी सेक्रेटरींना म्हटलं, त्या दुपारचं पूर्ण चित्रण मला बघायचं आहे. ते म्हणाले, तपास चालू आहे, ढवळाढवळ नको. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, “ताई, तुम्ही आकडे बघा. सिक्युरिटी आमच्यावर सोडा.”

आठवड्याने कोणीतरी सांगितलं की ती पळस्प्याला बसते, गोव्याचा रस्ता फुटतो त्या बाजूला. रविवारी सकाळी गेले. गाड्यांच्या धुळीत पोतं टाकून बसली होती, पुढ्यात काकड्या आणि थोडी करटोली. मला लांबूनच ओळखलं.

“ये बाय. पदर झाडू का?”

मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि एकशे ऐंशी रुपये दिले. तिने मोजले, कमरेला खोचले. मग मी म्हटलं, सांडलेल्या भाजीचेही घे.

“तुज्याकडून नाय. तू सांडलीस काय? ज्यानं सांडली त्यानं द्याचं.”

“किती झाले?”

“साशे चालीस. सगली टोपली भरल्याली व्हती. तुमच्या गल्लीनंतर मी टेशनाकडं जानार व्हते.”

मग मी तो प्रश्न विचारला जो माझ्या पोटात आठ दिवस होता. “ते दोघं आत जाताना तू अडवलं का नाहीस गं?”

तिने काकडीवरची माशी हाकलली. “मी म्हनलं, घरात कोन नाय. ती बाई म्हनली, आमी घरचेच. मला म्हनली, पायरी सोड, साडीला लागंल. मी सरकली. आता तू सांग, मी कोन त्यांना इचारनार? अकरा वर्सं वहिनीला भाजी देते, तिचं घर आतनं कसं हाय मला म्हाईत नाय. तू म्हनलीस घराकडं लक्ष दे. मी दाराकडं दिलं. घर कुटं बगितलंय मी?”

परत येताना रिक्षात मला त्या पाटाची आठवण येत राहिली. वहिनींनी तो लॅचसाठी आडवा लावला होता, पण तिला तो तसाही आडवाच होता. मी तिला ‘आत बस’ म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडात ते आलंच नाही. जिला उंबऱ्याच्या आत घेत नाही, तिच्यावर आम्ही उंबऱ्याची राखण टाकली, आणि राखण झाली नाही म्हणून तिचाच पदर झाडला. या गोष्टीचा मला जेवढा राग आला तेवढा त्या माळ नेणाऱ्या जोडप्याचाही आला नाही. ती चोर आहेत, त्यांचं कामच ते.

अनंत चतुर्दशीनंतर, त्याच्या पुढच्या रविवारी खास सभा बोलावली गेली. विषय एकच: आणखी आठ कॅमेरे, खर्च एक लाख अडतीस हजार. पार्किंगमध्ये, मंडप काढलेल्या जागेवर खुर्च्या मांडल्या होत्या. कॅमेरेवाला मोठा टीव्ही घेऊन आला होता. जुन्या कॅमेऱ्यांत चेहरे किती धूसर दिसतात आणि नव्यांत किती स्पष्ट दिसतील, हे त्याला दाखवायचं होतं. त्याने जुनं चित्रण लावलं. फाटक, मोटरसायकली, एक कुत्रा.

मी उभी राहिले. “लावलंच आहे तर गौरीच्या दुपारचं लावा. बारापासून पुढचं. राहतं ना तेवढं?”

“वीस दिवस राहतं मॅडम,” तो बिचारा उत्साहाने म्हणाला.

“त्याची काही गरज नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

“आहे,” मागून वहिनी म्हणाल्या. “माझी माळ गेली आहे. लावा.”

त्याने लावलं. आमची गाडी बाहेर जाताना दिसली. मग बराच वेळ काही नाही. मग फाटकातून एक जोडपं आलं. जरीची साडी, झब्बा, हातात पुडा. वॉचमन उठून उभा राहिला, वही तशीच टेबलावर. ते दोघं मंडपात गेले, गणपतीपुढे वाकले. नव्या झब्ब्यातले आमचे सेक्रेटरी खुर्चीवरून उठले, हात जोडून सामोरे गेले, त्यांना प्रसाद दिला. काहीतरी बोलणं झालं. आवाज नव्हता, पण आवाजाची गरज नव्हती. सेक्रेटरींनी उजवा हात वर केला, तीन बोटं दाखवली आणि जिन्याकडे वाट करून दिली. बाईने कौतुकाने मान डोलावली. दोघं वर गेली. वीस मिनिटांनी उतरली. सेक्रेटरींनी पुन्हा हात जोडले.

मग पहिल्या मजल्यावरचे एक काका, ज्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात, म्हणाले, “अहो, तीन मजले चढायचे म्हणजे त्रास. दारापर्यंत सोडून यायचं होतंत!”

काही जण हसले. सेक्रेटरी लाल झाले. “दर्शनाला आलेल्या माणसाला नाव-गाव विचारतात का? आपली काही संस्कृती आहे की नाही? मला वाटलं वहिनींचे नातेवाईक.”

“का वाटलं?” मी विचारलं.

“म्हणजे काय, चांगल्या घरचे दिसत होते!”

“आणि ती?”

यावर ते म्हणाले, आपण विषयाला धरून बोलू या, विषय कॅमेऱ्यांचा आहे. मी म्हटलं, “विषयाला धरूनच बोलते. चोर या कॅमेऱ्यातही दिसला. तुमच्यापासून दोन हातांवर उभा होता. तुम्ही त्याला प्रसाद दिलात. आणखी आठ कॅमेरे लावले तर आणखी आठ बाजूंनी तुम्ही प्रसाद देताना दिसाल.”

मी तीन गोष्टी मागितल्या. हे चित्रण पोलिसांना द्या. ज्या ज्या ग्रुपवर तिचा फोटो गेला तिथे चूक झाली असं स्वतःच्या नावाने लिहा. आणि सांडलेल्या भाजीचे सहाशे चाळीस रुपये द्या. पहिली गोष्ट तिथल्या तिथे मान्य झाली, दुसऱ्या दिवशी चित्रण गेलंही. माळ अजून मिळालेली नाही आणि मिळेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या मागणीवर पाऊण तास वाद झाला. शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर मोबाइल काढून लिहिलं: ‘सदर महिलेबाबत गैरसमज झाला होता.’ मी म्हटलं, ‘आमचा’ असं लिहा. झाला होता म्हणजे काय, गैरसमज काय आपोआप पडतो, पावसासारखा? त्यांनी ‘आमचा’ घातलं. फोटो जितका पळाला तितकं हे पळालं नाही. रोडपालीच्या बहिणीला ते कधीच पोचलं नाही, मीच पाठवलं.

कॅमेरे मात्र मंजूर झाले. बाजूने बारा मतं, विरोधात दोन. पाटी राहिली. उलट ती लोखंडी करून घेऊ, अशी सूचना आली आणि तिला अनुमोदनही मिळालं. कुणाच्या दाराशी वर्तमानपत्रं साचली तर शेजाऱ्याने उचलावीत, सोन्याचे फोटो स्टेटसला टाकू नयेत, देव बसले असताना बाहेर जायची वेळ आली तर आत कोण बसणार ते आधीच ठरवावं, असं मी सुचवलं होतं. याला खर्च शून्य येतो. कदाचित म्हणूनच ते कोणी लिहून घेतलं नाही.

सभेनंतर जिना चढताना वहिनी माझ्या मागोमाग होत्या. दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाल्या, “ते सगळं खरं ताई. पण तिने दारात बसून सोडलंच ना त्यांना आत?”

सासूबाईंची माळ गेलेल्या बाईला मी काय बोलावं, याचा मी त्या क्षणी विचार करायला हवा होता. केला नाही.

“वहिनी, अकरा वर्षांत तिला कधी आत बोलावलंत? पाणी मागितलं तर कुठे देता? जिन्यात. तांब्याने वरून. जी बाई तुमच्या दारातून आत जाऊ शकत नाही, तिने दुसऱ्याला आत जाऊ नको म्हणून कसं सांगायचं?”

“तुम्ही बोलावलंत कधी?” त्या म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “म्हणूनच बोलते आहे.”

त्या आत गेल्या. लॅच लागल्याचा आवाज आला. आता आम्ही बोलतो, पण दारात उभ्या राहून. पूर्वी त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची, ती त्यांनी दिवाळीआधी मागून नेली. मी दिली. चोर न पकडता आमच्या मजल्यावर एवढा बंदोबस्त मात्र वाढला.

राहिले सहाशे चाळीस. सेक्रेटरी सभेतच मला म्हणाले होते, “माझ्याकडून घ्या आणि देऊन टाका, विषय संपवा.” मी घेतले नाहीत. ज्याने सांडली त्याने द्यायचे, असा हिशेब ठरला होता आणि तो मी ठरवलेला नव्हता. मी दर दोन दिवसांनी त्यांच्या घरची बेल वाजवत राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि आत वळून म्हणाल्या, “जा हो एकदाचे, नाहीतर मीच जाते आणि येताना तिच्याकडून आळू पण आणते. बाजारातला घसा खाजवतो.”

मग एका सकाळी ते आणि मी त्यांच्या गाडीतून पळस्प्याला गेलो. ती गिऱ्हाईकाला काकड्या देत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि गिऱ्हाईक संपेपर्यंत थांबवलं. सेक्रेटरी धुळीत उभे राहिले. मग पुढे होऊन म्हणाले, “ते… त्या दिवशीचे.” आणि पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या. “ठेव सगळे.”

“सगले कशाला?” ती म्हणाली. “मी मागायला आली व्हती काय तुमच्या दारात? साशे चालीस भाजीचे. साठ रिक्षाचे, चौकीतनं घरी जाताना केली ती. तीनशे परत घे.”

मी तिला विचारलं, गल्लीत परत येशील ना? म्हणाली, बाकीच्या चार बिल्डिंगांत येईन, तुमच्यात नाय. आणि खरंच, आता ती शेजारच्या फाटकातून आत जाते, मी खाली जाऊन घेते.

तर शेवटी दिले गेले ते सातशे रुपये. देणारे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, स्वतःच्या खिशातून. घेणारी भाजीवाली. तिने ते डाव्या हाताने घेतले, कारण उजव्या हातात तराजू होता आणि दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं.